आमच्यात कुणाला न्हाय

“न्हाय,” अव्वा म्हणली. “आमच्यात कुणाला न्हाय तसलं काय.”

दारातली बाई फॉर्मवर खूण करायला लागली आणि मी अव्वाच्या, माझ्या आईच्या, मागं दोन पावलांवर उभी. हातात तांब्या. त्या बाईला पाणी द्यायला अव्वानंच मला हाक मारलेली. गेल्या साली ह्याच महिन्यात माझ्या घशात नळी घालून अडकलेला घास काढला, त्याचे सगळे कागद अव्वाच्याच ट्रंकेत हाईत, आणि अव्वा म्हणती कुणाला न्हाय. मान वळवली न्हाय तिनं. आवाज हलला न्हाय. कडक भाकरी संपल्यावर गिऱ्हाइकाला ‘आज शिल्लक न्हाय बघा’ म्हणती ना, तसंच म्हणली. मला एकदम वाटलं, मी हितं न्हायच. नुसता तांब्या हवेत उभा हाय.

दुपारचा एक वाजायला आलता. सोलापूरच्या बाळीवेशीतली आमची बोळ ह्या वक्ताला तव्यासारखी तापती. त्या बाईच्या कपाळावरनं घाम नाकावर येऊन थांबलेला. गळ्यात पट्टा, पट्ट्यात फोटो, फोटोखाली नाव, अपेक्षा. मोठ्या दवाखान्याकडनं अन्ननलिकेच्या एका जुन्या आजाराची पाहणी चाललीय म्हणली. शहरात किती जणांना हाय ते मोजायचं. दर दहावं घर घ्यायचं, आमचं दहावं आलं. पहिल्यांदा तिनं छापलेलंच वाचून दाखवलं, “गेल्या बारा महिन्यांत कुटुंबातील कोणत्याही व्यक्तीस अन्न गिळताना अडथळा जाणवला आहे काय?” अव्वा नुसती बघत राहिली. मग ती बाई आपल्या बोलीवर आली, “म्हंजे काकू, घास अडकतो का कुणाचा? एकाला जरी अडकत आसंल तर सांगा. दवाखान्यात नेऊन फुकट तपासणार हाईत, दुर्बीण घालून.” फुकट म्हणल्यावर मी मनात म्हणलं, सुटलो. आणि अव्वा म्हणली न्हाय.

अव्वा का म्हणली ते मला कळत न्हाय असं न्हाय. आमचा धंदा खाण्याचा हाय. ज्वारीच्या भाकरी पातळ थापायच्या, मंद आचेवर पापडासारख्या कडक करायच्या, पिशवीत भरून द्यायच्या. माझ्या घशाची गोष्ट फुटली तेव्हा एका केटरिंगवाल्यानं ऑर्डर बंद केली. तोंडावर काय बोलला न्हाय. पण त्याच्या बायकोनं पलीकडच्या बोळीत सांगितलं, भाकरीवालीच्या पोरीलाच भाकरी जात न्हाय, आपण कशाला घ्या. तवापासनं अव्वानं कागद ट्रंकेत घातले, वर लग्नातला शालू ठेवला आणि कुलूप लावलं. मला म्हणली, “बरी झालीस न्हवं तू? मग सुम्न कूड.” गप बस. अव्वाला राग आला की ती कन्नडमधी जाती. आमचं मूळ मैंदर्गीचं, कर्नाटकच्या हद्दीवरचं, घरात दोन्ही भाषा चालतात. रागाला कन्नड, हिशेबाला मराठी.

पण बरी झाले म्हंजे काय, ते अव्वाला कुटं म्हाईत हाय. अडकणं म्हंजे काय तेच तिला म्हाईत न्हाय. ठसका लागणं येगळं. ठसक्यात माणूस खोकतं, चार जण पाठीवर थापट्या मारतात, संपलं. हे तसं न्हाय. घास गळ्याखाली उतरतो आणि छातीच्या मधी हाडामागं थांबतो. श्वास चालू आसतो, बोलताबी येतं, बाहेरनं काय दिसत न्हाय. आत कुणीतरी मूठ आवळून बसलंय. तुमी पाणी पिता, पाणी त्या मुठीवर जाऊन उभं राहतं. मग थुंकीसुद्धा उतरत न्हाय. आणि तुमी हसायचं, कारण समोर पंगत बसलीय. मी पहिलीपासनं हसालते. मला वाटायचं सगळ्यांचं असंच आसतं. सगळ्यांच्याच छातीत मूठ आसती आणि लोक माझ्यापेक्षा हुशार हाईत म्हणून लवकर जेवतात. आमच्यात ताटात टाकत न्हाईत. अन्न म्हंजे प्रसाद, शेवटाला ताट धुऊन ते पाणीबी प्यायचं. त्यामुळं नको म्हणून उठायची सोय न्हाय. पोळीचा तुकडा गालात धरून मी तासतास बसलेली हाय. मोरीत जाऊन थुंकलं की वाटायचं, पाप लागलं.

शाळेत मधली सुट्टी वीस मिनिटांची. वीस मिनिटांत माझी अर्धी पोळी व्हायची. पोरी मला गाय म्हणायच्या. रवंथ करती म्हणून. मी चौघींना हाणलं, तर पाचवी तयार. दहावीत वर्गाच्या बाईंनी नियम काढला, डबा संपल्याबिगर कुणी उठायचं न्हाय. चांगला नियम हाय, अन्न वाया जात न्हाय, सगळ्या आया खूश. तास सुरू झाला तरी मी डब्यासमोर. बाई आल्या, टेबलावर पट्टी आपटून म्हणल्या, “श्रीदेवी, नखरे घरी करायचे. गीळ.” गीळ. एवढ्याच शब्दाला माझं डोकं फिरलं. डबा उचलला आणि फेकला. बाईंना लागला न्हाय, फळ्याला लागला, फळ्यावर आमटीचा ओघळ आला आणि खालचं गणित पुसलं. मोठ्या सरांनी सांगितलं, सगळ्यांसमोर माफी माग आणि बस वर्गात. न्हाय मागितली. मागितली असती तर आज बारावी झाले असते. लोकांना वाटतं मला त्याचं वाईट वाटतं. मला वाईट एवढ्याचंच वाटतं की डबा स्टीलचा हुता, चेपला, आणि तो आप्पांचा, माझ्या वडलांचा हुता.

मैंदर्गीला नात्यातल्या एका लग्नात मग सगळं फुटलं. चपातीचा घास. दुपारी बाराला अडकला, सहा वाजले तरी मी पदरानं लाळ टिपत बसलेली. मावश्यांनी केळं दिलं, भाताचा गोळा दिला, तूप पाजलं, सगळं उलटून वर. एकीनं मीठ-मोहरी ओवाळली. एक म्हातारं म्हणलं, पोरीच्या मनात काय आसंल तर विचारून घ्या. आसंल काय मनात? मनात येवढंच हुतं की हा घास माझ्या बापजन्मात खाली जाणार न्हाय आणि ह्या बायका मला भात भरवून मारणार. जीपमधनं सोलापूरला आणलं. डॉक्टरांनी नळी घालून काढला, आतले बारीक तुकडे तपासायला पाठवले, आणि आठ दिवसांनी मला पडद्यावर माझाच घसा दाखवला. नळीवर कड्या कड्या. कुलरच्या पाण्याचा पाइप आसतो ना, वळ्यावळ्याचा, अगदी तसा. डॉक्टर म्हणले, अंगातल्या ज्या पेशींनी बाहेरच्या शत्रूशी भांडायचं, त्या इथं जेवणाशीच भांडालेत. म्हणून नळी सुजती, घट्ट होती. मला ते लगेच पटलं. माझ्याच पेशी हाईत, भांडणारच.

मग त्यांनी दोन शिकाऊ पोरांना बोलावलं, “बघून घ्या, आपल्याकडं फार दुर्मीळ. लाखात एखादा.” ती पोरं माझ्याकडं न बघता पडद्याकडं बघालती. मी विचारलं, “कुणी मोजलं?” डॉक्टर हसले. मी परत विचारलं, “न्हाय, लाखात एखादा म्हणता, तर कुणी मोजलं? सोलापूर दहा लाखाचं. म्हंजे दहा जण. बाकीचे नऊ कुटं हाईत?” अव्वानं माझा दंड दाबला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणले, “मोजलं न्हाय. खरंय तुझं.” माणूस चांगला हुता. औषध दिलं, मधात कालवून चाटायचं, वर अर्धा तास पाणी न्हाय. आणि थोडे महिने दूध, गहू, शेंगा बंद करून बघायचं. शेंगा म्हणल्यावर अव्वा खुर्चीतनं उठलीच. “शेंगा बंद? सोलापुरात राहायचं आणि शेंगाची चटणी बंद? मग खायाचं काय ओ, माती?”

तीन महिन्यांनी मी पेरू खाल्ला. सालीसकट, बियांसकट, भर रस्त्यात, हातगाडीपाशी, एका हातात सायकल धरून. वर पाणी न पिता. कुणाला सांगायचं हे? पेरूवाल्याला म्हणलं, गेला बघा. तो म्हणला, पैसे? मी रडालते आणि हसालते आणि तो घाबरून म्हणला, जा बाई, राहू दे. आणि त्याच पेरूच्या पायी मला चीड आली. म्हंजे इतकी वर्षं हे जाऊ शकत हुतं. म्हंजे माझं काय चुकत नव्हतं.

तवापासनं मी नऊ जण शोधालीय. भाकरी पोचवायला घरोघर जाते, जेवणाच्या वक्तालाच जाते मुद्दाम. शुक्रवार पेठेतले एक रिटायर मास्तर पोळी कात्रीनं कापून खातात. एक कॉलेजची पोरगी प्रत्येक घासाला मान बदकासारखी वर करती. एका वकिलाच्या ताटाजवळ पाण्याचे दोन तांबे आसतात, बायको म्हणती त्यांना उष्णतेचा त्रास. अकरा जण झाले. बघून रोग ठरत न्हाय, ते मला म्हाईत हाय, कुणाला पित्त आसंल, कुणाचे दात गेले आसतील. डॉक्टरच म्हणले हुते, आत बघितल्याबिगर, तुकडा तपासल्याबिगर सांगता येत न्हाय. पण आत बघणार कोण? बाहेर बघायला तर काय लागत न्हाय. दोन डोळे पुरतात. आणि त्या अकरात पहिला नंबर कुणाचा, ते मला मोजायला लागायच्या आधीपासनं म्हाईत हाय.

आप्पा. चादरीच्या दुकानात बावीस वर्षं झाली, एक दिवस दुकानात जेवले न्हाईत. एकला घरी येतात, दीडला परत. लोक म्हणतात प्रभुअण्णा लई सोवळ्याचे, बाहेरचं खात न्हाईत. लग्नाला जातात, आहेर देतात, पंगत बसायच्या आधी कुणाला तरी फोन आल्यासारखं करून निघतात. आप्पांचे वारलेले वडील तिप्पण्णाआज्जा तसेच. मैंदर्गीत आमच्या घराला ‘निवांत जेवणाऱ्यांचं घर’ म्हणतात. आज्जा एकेका घासाला पाण्याचा घोट घ्यायचे आणि लोक म्हणायचे, काय शांत माणूस, काय भक्ती, जेवताना देव आठवतो त्याला. सगळ्या गावानं रोगाला वळण म्हणलं. आणि ते वळण आम्हाला शिकवलं. तिप्पण्णासारखं जेवा म्हणून. दोन आठवड्यांमागं आप्पा मोरीत गेले, नळ सोडला, भरून सोडला. नळाच्या आवाजाखालचा आवाज मला ओळखू येणार न्हाय का? मी दहा वर्षं तोच नळ सोडलाय. बाहेर आले तेव्हा डोळे लाल. मी म्हणलं, आप्पा, माझ्या डॉक्टरकडं चला. ते म्हणले, “वय झालं शिरी, होतंय असं.” चव्वेचाळीस. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय त्यांनी, खिळ्यानं.

“सही करा हितं काकू,” ती अपेक्षा म्हणली. “व्यक्ती चार, त्रास शून्य.” चार म्हंजे अव्वा, आप्पा, मी, आणि पुण्याला शिकाय गेलेली माझी बहीण काव्या. अव्वानं पेन घेतलं.

“ते शून्य खोडा,” मी म्हणलं.

अव्वा वळली. “श्रीदेवी, आत जा.”

“न्हाय जात. ताई, मला हाय. तपासून झालंय, कागद हाईत.”

अपेक्षानं अव्वाकडं बघितलं. अव्वा म्हणली, “हिचं झालं बरं. आता सगळं खाती ही. डोकं खाती माझं, ते बघा.”

“किती घरं झाली तुमची?” मी विचारलं.

“दोनशे वर झाली.”

“आणि व्हय किती म्हणले?”

“एक.” तिनं घाम पुसला. “खोटं कशाला सांगू. तोबी दारू पिऊन हुता, कशालाबी व्हय म्हणत हुता.”

“मिळणारच न्हाईत. तुमचा प्रश्नच चुकलाय. घास अडकतो का विचारलं तर कोण व्हय म्हणंल? अडकू नये म्हणूनच सगळं आयुष्य काढलंय त्यांनी. असं विचारा, जेवायला किती वेळ लागतो. घासाला पाणी लागतं का. कोरडं खाता का. लोकांत बसून जेवता का.”

“मी मोडनिंबची हाय गं, पोटासाठी आलेली, तुझ्याशी काय भांडू,” अपेक्षा म्हणली. “मला जे छापून दिलंय तेच विचारायचं हाय. जास्तीचं विचारलं की साहेब ओरडतो.”

“मग ओरडू दे की साहेबाला. तो काय तुमचा सासरा हाय?”

ती फसकन हसली. अव्वा हसली न्हाय. तेवढ्यात बोळीत सायकल वाजली, आप्पा आले. दारात बाई बघून थबकले, चपला काढून कडेनं आत सरकले, पाय धुतले, आतल्या खोलीत पाटावर बसले. रोजचं. अव्वानं लगबगीनं झाकलेलं ताट पुढं ठेवलं आणि मधला पडदा ओढला. आणि त्या पडद्याकडं बघता बघता माझ्या डोळ्यावरनंच पडदा सरकला. झाकलेलं ताट. हितं सगळेच कडक भाकरी आमटीत चुरून खातात, पण चुरतात आपण आपलं, जेवायला बसल्यावर, दाताखाली थोडी कुरकुर पाहिजे म्हणून. आप्पांची भाकरी अव्वा बाराला चुरती. रोज बाराला. त्यावर कढत आमटी घालती, झाकण ठेवती, मधी एकदा उघडून चमच्यानं दाबून बघती. एकला आप्पा येईपर्यंत तिचा लगदा झालेला आसतो. इतकी वर्षं मी ते बघत आलेय आणि मला ते दिसलं न्हवतं. लोकांची ताटं बघत घरोघर फिरले मी.

“अव्वा,” मी म्हणलं, “आप्पांची भाकरी तू बाराला का भिजत घालतीस?”

अव्वाचा चेहरा असा झाला, जसं काय मी तिच्या पदरातनं काहीतरी ओढून घेतलं. “आवडती त्यांना तसली.”

“कुणी सांगितलं? आप्पांनी सांगितलं?”

“सगळं काय तोंडानं सांगावं लागतंय व्हय?”

“एकदा कोरडी दिलीस का? एकदा? तू देत न्हाईस, कारण तुला म्हाईत हाय. तुला माझ्या आधी म्हाईत हाय. आणि हितं दारात उभी राहून कुणाला न्हाय म्हणतीस? ते मोरीत जाऊन मरालेत आणि तू नळाचा आवाज ऐकत भाकरी थापतीस!”

मारंल असं वाटलं. हात उचललाबी तिनं, पण हातात त्या बाईचं पेन हुतं. शेजारच्या बोळीतनं कुणीतरी डोकावलं. बोळ ऐकालती, ऐकू दे. छातीत ती जुनी मूठ आल्यासारखी वाटली, काय न खाता. आत पडद्यामागं आप्पांचं ताट वाजायचं थांबलं. मला एकदम भीती वाटली, की मी आत्ता काय केलं. बावीस वर्षं एका माणसानं जे झाकलं, ते मी बोळीत आणून आपटलं, फळ्यावर आमटी आपटली तसं. आप्पा आता मागच्या दारानं निघून जातील, उपाशी. पण माफी मागायची न्हाय, मी ठरवलं. ह्याची तर न्हायच न्हाय.

पडदा सरकला. आप्पा उभे हुते, उजवा हात आमटीचा, तसाच. माझ्याकडं बघितलं न्हाय. अपेक्षाकडं बघून म्हणले, “मेलेलं माणूस धरता का तुमी ह्यात?”

“अं? न्हाय काका. हयात आसतील तेवढेच.”

“मग दोन लिहा,” आप्पा म्हणले. “ही आणि मी.”

अपेक्षानं अव्वाच्या हातातनं हळू पेन घेतलं, शून्य खोडलं. खोडताना कागदावर कर्रकन आवाज झाला. मग उंबऱ्यावरच टेकली ती, दोनशे घरांत पहिल्यांदा बसली आसंल, मांडीवर फॉर्म घेऊन. “किती वर्षांपासनं होतंय, काका?”

“चौथीत हुतो,” आप्पा म्हणले. इतकं तयार उत्तर, जसं काय रोज कुणीतरी विचारंल म्हणून पाठ करून ठेवलंय. “शेतात बापूंनी, म्हंजे वडलांनी भाकरी दिली, पाणी आणायचं राहिलं हुतं.” आणि मग आप्पा बोलत सुटले. आमच्या घरात दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस. बारावीच्या परीक्षेदिवशी अडकला ते. दुकानातल्या पहिल्या दिवाळीला मालकांनी सगळ्यांसमोर लाडू भरवला, तो तोंडात धरून दोन तास गिऱ्हाइकांना चादरी दाखवल्या, ते. फोन वाजला, दुकानाचा हुता. आप्पांनी डाव्या हातानं तो पालथा घातला. पावणेदोन झाले हुते.

“आणि लगीन झालं त्या दिवशी,” आतनं अव्वा म्हणली.

ती कवा आत गेली कळलं न्हाय, भिंतीकडं तोंड करून उभी हुती.

“घास भरवायचा आसतो न्हवं नवरीनं. मी भरवला. तुमी गालात धरून बसलात. फोटो काढून झाले, लोक उठले, तरी गिळंना.” अव्वानं नाक ओढलं. “मला वाटलं, मी पसंत न्हाय तुमाला. वरीसभर वाटत हुतं मला तसं.”

आप्पा तिच्याकडं वळले. आमटी त्यांच्या बोटांवर वाळली हुती. “गुरम्मा,” ते म्हणले, आणि हात नुसता अर्धवट उचलून धरला.

अपेक्षा लिहालती. लिहिता लिहिता थांबली, रेघेवर बोट ठेवलं. “ह्यात दोनच ओळी हाईत ओ. जागा संपली.”

“मागं लिहा,” मी म्हणलं. “मागं सगळं कोरं हाय.”